बंद राहिलेला लेयर

रेघाताईचं खरं नाव ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं इमारतींच्या नकाशांच्या रेघा ओढून पोट भरलेली बाई, म्हणून रेघाताई. पहिली दहा वर्षं तिने लाकडी बोर्डावर शाईने रेघा ओढल्या आणि पुढची सव्वीस काँप्युटरवर. निवृत्तीला नऊ महिने उरले होते. नऊ महिने नीट सरले की सुटलो, असं ती हल्ली रोज सकाळी जिना चढताना मनाशी म्हणायची.

त्या मंगळवारी दुपारी तिचा डबा नुकताच खाऊन झाला होता. तेवढ्यात नव्या इंजिनिअरने तिला हाक मारली. या मुलीला ऑफिसात येऊन चार वर्षं झाली होती, छतांचे हिशेब तीच करायची, तरी सगळे तिला अजून ‘नवी’च म्हणत.

‘‘ताई, या ना. तुमचा तलाव बघा कसा दिसतोय.’’

रेघाताई ओल्या हातांनीच तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. स्क्रीनवर पोहण्याच्या तलावाची इमारत होती, भिंतींशिवाय, नुसता पोलादी सांगाडा. नवीने माऊस फिरवला तशी अख्खी इमारत गरकन फिरली. छताखाली दहा कैच्या ओळीने उभ्या होत्या. कैची म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला लोखंडी त्रिकोणांचा पूल. तिच्यावर छताचा सगळा भार.

‘‘छतावर सौर पॅनेल बसवायचीत त्यांना. जास्तीचं वजन पेलेल का, विचारत होते. मी तुमच्या जुन्या फाइलीवरून मॉडेल केलं आणि हिशेब लावला. सगळं हिरवं! मागच्या आठवड्यात पत्रसुद्धा दिलं.’’

‘‘छान झालं,’’ रेघाताई म्हणाली. सव्वीस वर्षांपूर्वीचं आपलं काम असं उभं राहून फिरताना बघून तिला बरंच वाटलं होतं.

‘‘फाइल मात्र फार जुनी हो. एक लेयर तर बंदच होता. आधी मला कळेना की कैच्यांना कान का नाहीत. मग तो लेयर चालू केला, तर सगळे कान जागच्या जागी! ‘टेम्प ३’ नाव दिलं होतं कुणीतरी.’’

रेघाताईला ठसका लागला.

कैची जिथे खांबावर टेकते, तिथे दोन्ही बाजूंना एकेक जाड पोलादी पट्टी जोडतात, म्हणजे सगळा भार एका जागी येऊन लोखंड दुमडत नाही. त्या पट्ट्यांना या ऑफिसात पूर्वीपासून ‘कान’ म्हणत. आणि ‘टेम्प ३’ हे नाव कुणीतरी दिलं नव्हतं. ते तिने दिलं होतं.

‘‘काय झालं, ताई?’’

‘‘काही नाही गं. आवळा अडकला घशात,’’ ती म्हणाली. डब्यात आवळा नव्हता.

ते काय झालं होतं, हे तिला एका क्षणात आठवलं, जणू सव्वीस वर्षं ते नुसतं वाट बघत बसलं होतं.

तेव्हा ऑफिसात खिडकीशी अकरा बोर्ड होते आणि अकरा जण त्यांच्यावर वाकलेले असायचे. प्रिंटच्या मशीनमधून येणाऱ्या अमोनियाने डोळे चुरचुरायचे. रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची, नखाने कागद घासून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा ओढायची. मग एक दिवस चौघांनी उचलून एक खोका आणला. त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली होती, वातानुकूलित. माणसं उकडून निघत होती आणि मशीन गारव्यात बसलं होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, वर्तुळ म्हटलं की वर्तुळ यायचं, कंपासाचं भोक नाही, शाईचा ठिपका नाही. नकाशे गिरवणारे सगळ्यात वयस्कर ट्रेसर दारातूनच बघून म्हणाले होते, ‘‘माझ्या मनगटात चाळीस वर्षं आहेत. या डब्यात काय आहे?’’ त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला.

अकरांपैकी चौघांनाच ठेवणार, असं सगळ्यांना कळून चुकलं होतं. रेघाताईचे वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण शिकत होती. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शिकवणारा भराभर बोलायचा. लेयर म्हणजे काचेच्या तावांसारखं, एकावर एक ठेवलेलं. खांब एका तावावर, मापं दुसऱ्यावर. हवा तो ताव दिसू द्या, नको तो झाका. एवढं तिला समजलं. झाकलेल्या तावाचं पुढे काय होतं, तो प्रिंटमध्ये येतो की नाही, हे विचारायला तिचा हात अर्धा वर गेला होता. पण शेजारचा दुसऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटून हसला आणि तिने हात खाली घेतला. ज्याला प्रश्न पडतो त्याचा नंबर जातो, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

तलाव हे पडद्यावर केलेलं ऑफिसातलं पहिलं मोठं काम. कानांमध्ये भरलेल्या बारीक तिरप्या रेघांनी मशीन गोगलगाय व्हायचं. एक रेघ काढली की पडदा पुन्हा भरेपर्यंत चहा पिऊन यावं. म्हणून तिने कान उचलून वेगळ्या लेयरवर टाकले, तो बंद केला आणि काम संपवलं. प्रिंटच्या दिवशी सगळं ऑफिस प्लॉटरभोवती गोळा झालं. चार पेनांचं ते यंत्र आपोआप कागद पुढेमागे सरकवत रेघा ओढू लागलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. चार जणांत तिचं नाव आलं.

तो लेयर तिने परत चालू केला होता का? त्या वेळी केला असणारच, असं ती आज इतकी वर्षं न आठवता धरून चालली होती.

ती जिना उतरून तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत गेली. पुढे पडद्यांना रंग आले, माऊस आला, प्रत्येकाच्या टेबलावर मशीन आलं, बोर्ड भंगारात गेले. पण जुन्या कामांचे कागद गुंडाळ्या करून अजून इथेच ठेवले होते. तलावाची गुंडाळी सापडायला तिला वीस मिनिटं लागली. सुतळीची गाठ सुटेना, शेवटी तिने ती दातांनी तोडली. कागद जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर फाइली ठेवल्या.

दहा कैच्या, खांबांवर टेकायच्या वीस जागा, म्हणजे वीस टेकू. आणि एकालाही कान नव्हते. रेघा मात्र काय सुबक! खाली उजव्या चौकटीत ‘काढणार’ या शब्दापुढे तिची आद्याक्षरं आणि ‘तपासणार’च्या पुढे मोठ्या साहेबांची सही.

ती तिथेच गुंडाळ्यांना टेकून जमिनीवर बसली.

मशीनने सगळं हिरवं सांगितलं होतं, कारण मशीनच्या इमारतीला कान होते. खऱ्या इमारतीला आहेत की नाहीत, ही शंका घेऊ शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते इथे धुळीत बसलं होतं. लपवायला काही खोडायचं नव्हतं, फाडायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ महिने.

तिने कागदाची घडी केली आणि पर्समध्ये कोंबली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

साडेपाचला सुटल्यावर ती घरी न जाता मोठ्या साहेबांकडे गेली. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते, सुनेकडे राहायचे. खिडकीशी खुर्ची, मांडीवर शाल, आणि डोळे अजून पूर्वीसारखेच, समोरच्याची मापं घेणारे.

‘‘ये, रेघाताई. आज कशी वाट चुकलीस?’’

सून चहा ठेवून गेल्यावर तिने कागद त्यांच्या मांडीवर उघडला. त्यांनी भिंग घेतलं, डावीकडून उजवीकडे नेलं, एका टेकूवर थांबले, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. भिंग खाली ठेवलं.

‘‘कान कुठायत?’’

‘‘बंद लेयरवर राहिले, साहेब. माझ्याकडून.’’

त्यांनी कोपऱ्यातल्या आपल्या सहीवर बोट ठेवलं.

‘‘मी तपासलं नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘सही केली, पण तपासलं नव्हतं. बोर्डावरचा कागद हातात आला की मला कळायचं. जिथे खरवडलंय, जिथे मळलंय, तिथे तुमचा घोटाळा झालेला असायचा. मी तिथेच बघायचो. आणि हा कागद आला तो असा, धुतल्या तांदळासारखा! कुठे बघू? आणि कुणाला विचारू? साहेबाला मशीन कळत नाही म्हणून हसले असते लोक.’’

‘‘तुम्हीपण घाबरला होतात?’’

‘‘तुझ्यापेक्षा जास्त. तुला तरी हुकूम टाइप करता येत होते.’’

ती काहीतरी बोलणार तोच त्यांनी हात वर केला. ‘‘पण हे बघ, सव्वीस वर्षं उभं आहे ना ते? मग उभं आहे त्याला हलवू नकोस. पहिल्या सहा कैच्यांचं काम आपण आधीच कारखान्यात दिलं होतं, बोर्डावरच्या कागदावरून. त्यांना कान असणारच. मग गॅलरीचं माप बदललं, म्हणून सगळं पुन्हा मशीनवर काढलं. त्यावरून शेवटच्या चारच झाल्या. आणि कारखान्यातला फोरमन हुशार होता, त्याने त्यांनाही लावले असतील. कशाला हात दाखवून अवलक्षण?’’

रेघाताईला एकदम इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं झालं. हेच तर तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तिने कागदाची घडी घातली आणि उठली.

‘‘पण आज अचानक कसं निघालं हे?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘छतावर सौर पॅनेल बसवतायत. त्यासाठी हिशेब केला नवीने.’’

‘‘बसवणार आहेत, की बसवतायत?’’

‘‘कालपासून चढवायला लागलेत, असं नवी म्हणत होती.’’

साहेबांचा चेहरा बदलला. खुर्चीचे हात धरून ते उठायचा प्रयत्न करू लागले, जमलं नाही, तसेच पुन्हा खाली बसले.

‘‘मग माझं ऐकू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘म्हाताऱ्याला स्वतःच्या सहीची काळजी आहे. तू जा. आज जा, उद्या नको.’’

ती त्या दिवशी गेली नाही. ऑफिस बंद झालं असेल, नवीचा फोन लागणार नाही, तलावावर कुणी भेटणार नाही, अशी कारणं तिने बसमध्ये एकेक करून गोळा केली. नवीला फोन मात्र लावून बघितला नाही. भीती माणसाला फार हुशार बनवते.

सकाळी नऊला ती चहाचा कप हातात धरून बसली होती. चहावर साय धरली होती. धाकटी बहीण दाराशी पिशवी भरत होती. दोघी बहिणी एकत्रच राहायच्या; मोठीने लग्न केलं नाही, धाकटीचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. धाकटीचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्यातले व्यायाम सांगितले होते. आठवड्यातून तीन दिवस, अकरा वाजता, त्याच इमारतीतल्या उथळ तलावात.

पिशवीत टॉवेल गेला, टोपी गेली. आज बुधवार आहे, हे रेघाताईच्या आत्ता लक्षात आलं.

‘‘आज जाऊ नकोस,’’ ती म्हणाली.

‘‘का?’’

‘‘पाऊस येईलसं वाटतंय.’’

‘‘ताई, मी पाण्यातच उतरायला चालले आहे.’’

‘‘मला बरं नाहीये. तू घरी थांब.’’

धाकटीने जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावला. ‘‘ताप नाही. पण तोंडचं पाणी पळालंय. रात्रभर कूस बदलत होतीस. काय केलंयस ताई? ऑफिसातून काढलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग सांग. नाहीतर मी चालले.’’ आणि ती खरोखरच पिशवी उचलून दाराकडे निघाली.

‘‘ते छत पडेल!’’ रेघाताई ओरडली. आपलाच आवाज ऐकून ती दचकली. मग मात्र बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं: कान, लेयर, प्रशिक्षणात खाली घेतलेला हात, तळघर, साहेब. कुठलं आधी, कुठलं नंतर, याचा काही धरबंध नव्हता. धाकटी पायरीवर बसून ऐकत राहिली.

‘‘उथळ तलाव कुठल्या टोकाला आहे?’’ तिने शेवटी विचारलं.

‘‘शेवटच्या. आठ, नऊ आणि दहा नंबरच्या कैच्यांखाली.’’

‘‘आम्ही सोळाजणी असतो, ताई. एक आठ महिन्यांची गरोदर आहे. तिला पाण्यातच काय ते बरं वाटतं, म्हणते.’’ धाकटीने पिशवीतला टॉवेल काढून मांडीवर ठेवला, पुन्हा आत घातला. ‘‘मी नाही गेले, झालं. बाकीच्या पंधराजणींना कोण सांगणार?’’

रेघाताईने फोन उचलला.

तलावाचा मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘बाई, तुमच्याच ऑफिसचं पत्र माझ्यासमोर आहे. छत भक्कम आहे, वजन पेलेल. सही, शिक्का, सगळं आहे. आता तुम्ही फोनवर म्हणता पडेल. तुम्ही तिथे कोण आहात?’’

‘‘मी... मी नकाशे काढते.’’

‘‘मग इंजिनिअरला फोन करायला सांगा,’’ म्हणून त्याने ठेवून दिला.

मग तिने नवीला फोन लावला. ‘‘प्रश्न विचारू नकोस. तलावावर ये. आत्ताच्या आत्ता,’’ एवढंच सांगितलं आणि दोघी बहिणी रिक्षात बसल्या. वाटेत धाकटीने तिचा हात धरला होता.

तलावावर पोचल्या तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. बाहेरून दोन कामगार दोराने पॅनेल वर ओढत होते. काळं, चकचकीत, दाराएवढं. आत गरम ओलसर हवा आणि क्लोरीनचा वास. मोठ्या तलावात शाळेची मुलं पोहत होती, प्रशिक्षकाची शिट्टी भिंतींवर आपटून परत येत होती. रेघाताईने वर बघितलं. पांढऱ्या चौकोनांचं खोटं छत होतं, त्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं. वरून धप्प असा आवाज आला. कुणीतरी पॅनेल खाली ठेवलं होतं. ती एकदम खाली वाकली, डोक्यावर हात घेऊन. मुलं तिच्याकडे बघून हसली.

नवी धावतच आली, केस विस्कटलेले. मॅनेजरही पाठोपाठ आला. रेघाताईने पर्समधून कागद काढून पाण्याच्या कडेला फरशीवर उघडला.

‘‘ह्या प्रिंटवरून बांधलंय. ह्यात कान नाहीत. तुझ्या मॉडेलमध्ये आहेत, कारण तू लेयर चालू केलास. मी तो बंद ठेवून प्रिंट काढली होती. मीच.’’

नवीने कागदाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पत्रावर तिची सही होती. बत्तिसाव्या वर्षी तिने केलेलं हे पहिलं मोठं छत. क्षणभर रेघाताईला तिच्या डोळ्यांत तेच दिसलं, जे तिने काल दुपारी स्वतःमध्ये बघितलं होतं: गप्प बसता येईल का, आधी हळूच तपासून बघता येईल का.

‘‘कदाचित फोरमनने लावले असतील,’’ नवी पुटपुटली.

‘‘असतील,’’ रेघाताई म्हणाली. ‘‘मी काल रात्रभर तेच म्हणत होते.’’

नवीने मॅनेजरकडे वळून बघितलं. तिचा आवाज फाटला, पण शब्द नीट आले. ‘‘तलाव रिकामा करा. सगळ्यांना बाहेर काढा. माझं पत्र मी मागे घेतेय.’’

मुलं कुरकुर करत निघाली. उथळ तलावातल्या बायका मात्र हलेनात; त्यांच्यातल्या दोघी आत्ताच उतरल्या होत्या. धाकटी काठावर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘अगं बायांनो, निघा! पाण्यात औषध जास्त पडलंय. केस हिरवे होतील, मग नवऱ्याला काय सांगाल?’’ पटापट सगळ्या बाहेर आल्या. गरोदर मुलीला धाकटीने स्वतः हात देऊन काढलं आणि दारापर्यंत सोडलं.

इमारत रिकामी झाल्यावर एकदम शांत झाली. पाणी अजून हलत होतं. दुरुस्तीचा माणूस चाकांची उंच शिडी घेऊन आला. वर कोण जाणार, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत रेघाताईने चपला काढल्या होत्या.

‘‘ताई, तुम्ही नको,’’ नवी म्हणाली.

‘‘मला त्यांची जागा पाठ आहे.’’

पहिल्या टोकापासून सुरुवात केली. खोट्या छताचा चौकोन सरकवला, टॉर्च मारला. गंजाचा वास, जाळी, धूळ, आणि टेकूच्या दोन्ही बाजूंना जाडजूड कान. दुसरीला कान. तिसरीला कान. सहावीपर्यंत सगळं जागच्या जागी. साहेबांचं ते बोलणं खरं निघालं होतं. तिच्या मनात वेडी आशा उभी राहिली. देव, फोरमन, कुणीही असो, त्याचे पाय धरीन, असं ती प्रत्येक पायरीला म्हणत होती.

सातवीला कान नव्हते.

आठवीला नव्हते. नववीला नव्हते. शिडी शेवटच्या टेकूखाली आली. ती वर चढली, चौकोन सरकवला आणि टॉर्च धरला. टेकूवरचं लोखंड सरळ उभं असायला हवं होतं. ते पत्र्याच्या डब्याला अंगठ्याने दाबावं तसं आत दुमडलं होतं. वाक पडला होता तिथला रंग उडाला होता, आणि त्या उघड्या जागी गंज नव्हता. लोखंड चकाकत होतं. म्हणजे हे जुनं नव्हतं. कालचं होतं. आजचंसुद्धा असेल.

तेवढ्यात वर पुन्हा धप्प झालं. गडबडीत छतावरच्या कामगारांना थांबवायचं राहूनच गेलं होतं. गंजाची बारीक भुकटी तिच्या चेहऱ्यावर पडली आणि डोक्याजवळ लोखंड कण्हलं, दाराची बिजागरी कण्हावी तसं.

‘‘वरच्यांना थांबवा!’’ ती किंचाळली. ‘‘वरच्यांना खाली बोलवा!’’

नवी बाहेर पळाली. खाली शिडी धरलेला माणूस ‘‘उतरा बाई, उतरा’’ म्हणत होता. तिला उतरता येत नव्हतं. हात शिडीच्या दांड्याला चिकटले होते, ते तिचं ऐकेनात. तिची नजर त्या चकाकणाऱ्या वाकावरून हटेना. धाकटी दारातून परत आत आली होती. ती शिडीखाली येऊन उभी राहिली.

‘‘तू बाहेर जा!’’ रेघाताई वरून ओरडली.

‘‘तू उतरल्याशिवाय मी हलणार नाही. माझे गुडघे दुखतायत, लवकर ये.’’

एकेक पायरी करत ती उतरली. दोघी एकमेकींना धरून इमारतीबाहेर आल्या आणि समोरच्या फुटपाथवर बसल्या. रेघाताईला तिथेच उलटी झाली.

छत पडलं नाही. दुपारपर्यंत पॅनेलं उतरवली, संध्याकाळच्या आत शेवटच्या चारही कैच्यांखाली तात्पुरते आधाराचे खांब लागले. ते लावणारे लोकही आत जायला कचरत होते. नवी त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत आत उभी राहिली. तलाव पाच महिने बंद होता.

चौकशी झाली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे ग्लास. रेघाताई आदल्या दिवशी काही खाऊ शकली नव्हती. त्यांनी विचारलं, ‘‘लेयर बंद राहिला हे तुम्हाला कधी कळलं?’’ ‘‘मंगळवारी दुपारी.’’ ‘‘तुम्ही कधी सांगितलंत?’’ ‘‘बुधवारी सकाळी.’’ ‘‘मधले वीस तास?’’ ती म्हणाली, ‘‘घाबरले होते.’’ टेबलापलीकडच्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. मोठ्या साहेबांनी सुनेकरवी पत्र पाठवलं होतं, अक्षर थरथरतं, पण मुद्दा सरळ: तपासायचं काम माझं होतं, मी केलं नाही. नवीला लेखी समज मिळाली. रेघाताईलाही मिळाली, जरा जास्त कडक. तिला घरी पाठवलं नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. संचालकांनी तिला बोलावून सांगितलं, की मशीन आल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत केलेली एकूण एकशे अडतीस कामं आहेत. प्रत्येकाची फाइल उघडायची, प्रत्येक बंद लेयर बघायचा आणि तळघरातल्या प्रिंटशी ताडून पाहायचा. त्या लेयरांची भाषा कळणारं दुसरं कुणी ऑफिसात उरलं नव्हतं. चौघांपैकी दोघं वारले होते, एक परदेशी मुलाकडे होता.

ती रोज सकाळी नवीच्या शेजारची खुर्ची ओढून बसते. आतापर्यंत चाळीस झाली. एका गोदामाच्या बंद लेयरवर जिन्याचा कठडा सापडला, तेव्हा दोघी श्वास रोखून त्या गोदामात गेल्या. कठडा जागेवर होता, गंजका पण धडधाकट. बाकी काही निघालेलं नाही.

‘‘एक्केचाळीस,’’ नवी आज म्हणाली. ‘‘हे काय आहे, ताई?’’

‘‘शाळेची गॅलरी.’’ रेघाताईने ग्लास ओढून घेतला. फाइल उघडण्याआधी रोजच घेते. ‘‘थांब, मला जरा पाणी पिऊ दे.’’

ती पाणी प्यायली. ग्लास टेबलावर ठेवला आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

‘‘हं. उघड.’’